नानांच्या नावाची मूठ

प्रेषितांची पत्रं शिकायला मी धुळ्याला गेले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. घर जळगावला. आई एका दवाखान्यात परिचारिका, वडील लहानपणीच गेलेले. ख्रिस्ती धर्म आमच्या घरात आजोबांपासूनचा, त्यामुळे त्याबद्दल मला फार काही वाटायचं नाही. रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चला, जायचं, नाताळला करंज्या करायच्या. मला वेड होतं शिकवण्याचं. एका शाळेत दोन वर्षं तात्पुरती म्हणून काढली होती. कुठेतरी कायमचं शिकवायला मिळावं, वर्गात शिरल्यावर लोकांनी उठून उभं राहावं, एवढीच इच्छा. धुळ्याच्या त्या छोट्या धर्मशिक्षण शाळेत जो पहिला येतो त्याला तिथेच साहाय्यक म्हणून ठेवतात, असं कानावर आलं आणि मी अर्ज केला.

शाळा म्हणजे गावाबाहेर पत्र्याच्या छताचा एक हॉल, मागे वसतिगृहाच्या तीन खोल्या आणि एक कडुनिंब. आम्ही बारा जण. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, आणि त्यातला मुख्य विषय पत्रं. पहिल्या शतकात प्रेषितांनी गावोगावच्या नव्या मंडळ्यांना लिहिलेली पत्रं. एका ठिकाणी लोक आपसात भांडत होते, एका ठिकाणी भाऊ भावाला कोर्टात खेचत होता, कुठे काय खावं आणि काय खाऊ नये यावरून दोन तट पडले होते. आणि दूर कुठेतरी बसलेला, कधी कैदेत पडलेला एक माणूस त्यांना लिहून कळवत होता की असं करा, तसं करू नका. पुढचं सगळं धर्मशास्त्र या घरगुती भांडणांच्या निवाड्यांतून उभं राहिलं. मला हे फार आवडायचं.

हा विषय सर शिकवायचे. साठीचे, काटकुळे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. ग्रीक ते स्वतःचं स्वतः शिकले होते आणि एकेका शब्दावर तास तास बोलत. त्यांच्याइतकं चांगलं शिकवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. पण उत्तर चुकलं की ते रागवत नसत. ते त्या माणसाला उभं करून म्हणत, "पुन्हा सांगा." तो पुन्हा चुकीचंच सांगे. "जरा मोठ्यानं." असं चार-पाच वेळा झालं की वर्ग हसायला लागे. मग सर म्हणत, "बसा." मला त्यांनी कधी उभं केलं नाही. मला ते ग्रीक मुळाक्षरं शिकवत होते. बाकी कुणाला नाही.

नाना आमच्यात सगळ्यांत मोठे. एकसष्ट वर्षांचे. भडगाव तालुक्यातलं गिरणेकाठचं एक खेडं त्यांचं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं होतं. निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी काम करताना डोळ्यांत काहीतरी उडालं आणि दहा दिवस दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून दवाखान्यात पडून राहावं लागलं. शेजारच्या खाटेवर एक ख्रिस्ती गृहस्थ होते. वेळ जावा म्हणून ते नानांना पत्रं मोठ्यानं वाचून दाखवायचे. नाना सांगत, "ताई, मना जलममा माले कोनी पत्र धाडं नही. ती ऐकीसन वाटे, हाई मालेच लिखेल शे." डोळे बरे झाले, पण पत्रं डोक्यातून गेली नाहीत. निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांनी ते बाप्तिस्मा घ्यायचा म्हणून आणि पत्रं नीट शिकायची म्हणून धुळ्याला आले. सर म्हणाले होते, आधी शिका, नाताळच्या सुमाराला बाप्तिस्म्याचं बघू.

वर्गात नाना विचारत ते प्रश्न सरांना आवडत नसत. एकदा सर एका पत्रातला कृपेचा अर्थ सांगत होते. अर्धा तास झाला होता. नानांनी हात वर केला.

"सर, हाई पत्र कोन लई गया व्हई?"

"काय?"

"म्हंजे, पोस्ट त नव्हती तवय. कोनी मानूस लई गया व्हई ना? किती दिन लागनात व्हतीन? आनि तठला लोकेसनी जबाब धाडा का?"

सरांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "नाना, हे पोस्ट ऑफिस नाही. बसा."

सगळे हसले. मी पुढच्या बाकावरून हळूच म्हटलं, "पोस्टमन." ते मागच्या बाकापर्यंत गेलं. त्या दिवसापासून दोन वर्षं नानांचं नाव पोस्टमन. कुणी ठेवलं ते त्यांना कधी कळलं नाही. पुढे सरांच्याच कपाटात मला एक जाडजूड पुस्तक सापडलं. त्यात विद्वानांनी हाच प्रश्न घेऊन पानंच्या पानं लिहिली होती : पत्र कोणी नेलं, कोणी वाचून दाखवलं, उत्तर आलं का.

नानांचं वाचन कच्चं होतं. ओळीवर बोट ठेवून वाचत. दुपारी त्यांच्याबरोबर बसायचं काम सरांनी मला दिलं. शनिवारी ते गावी जात आणि सोमवारी सकाळी परत येत तेव्हा पिशवीत अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, बांधून दिलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा असे. कडुनिंबाखाली बसून आम्ही दोघं ते खात असू आणि मी त्यांचं वाचन घेत असे. वसतिगृहाच्या जेवणाला मी विटले होते. सोमवारची मी वाट बघायची.

पहिल्या वर्षीचा श्रावण. ग्रीसमधल्या एका बंदराच्या शहरातल्या मंडळीला लिहिलेलं पत्र चालू होतं, आणि त्यातला तो प्रसिद्ध वाद : मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न खावं की नाही. नाना नुकतेच गावाहून आले होते. त्यांचा चेहरा खुलला. या वेळी त्यांना वर्गाला सांगण्यासारखं काहीतरी सापडलं होतं.

"सर, हाई त मना घरनीच गोट शे," ते उभे राहून म्हणाले.

मग ते मोकळेपणानं सांगत गेले. श्रावणात त्यांच्याकडे कानबाई, म्हणजे त्यांच्या भागातली देवी, बसते. कानबाईचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायचे तर घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू बायको मोजून काढते. अक्का एक मूठ नानांच्या नावाची काढतात, एक सुरतेला असलेल्या मुलाच्या नावाची. त्या गव्हाचे रोट देवीला दाखवून घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत.

"म्हंजे त्या गावना लोकेसनी आनि आमनी अडचन एकच शे," नाना म्हणाले. त्यांना फार आनंद झाला होता.

"आणि यंदा तुम्ही खाल्लेत?" सरांनी विचारलं.

"खाधा ना सर. मना नावनी मूठ व्हती."

"पुन्हा सांगा."

"मी रोट खाधा सर."

"जरा मोठ्यानं."

नानांच्या लक्षात यायला वेळ लागला. चौथ्या वेळेला त्यांचा आवाज चिरकला. वर्ग हसला. मीही हसले. सर म्हणाले, "तुमच्या बाप्तिस्म्याचं आपण थांबवू. बसा."

त्याच आठवड्यात सरांनी मला बोलावलं. मूर्तीला दाखवलेलं अन्न आणि ख्रिस्तावर विश्वास नसलेल्या माणसांची संगत या विषयावर मी वर्गात एक पाठ वाचायचा, असं त्यांनी सांगितलं. विद्यार्थ्याला असा पाठ द्यायची पद्धत नव्हती. मी आठ दिवस राबले. ते पत्र मी तेव्हा खऱ्या अर्थानं पहिल्यांदा वाचलं. त्यात एक उत्तर नव्हतं, अनेक होती. प्रेषित आधी म्हणतो की मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, मग अन्न हे नुसतं अन्न. मग म्हणतो, पण तुझ्या खाण्यानं एखाद्या दुबळ्या भावाचा पाय घसरत असेल तर खाऊ नकोस. मग एकदम कडक होतो, देवाच्या आणि मूर्तीच्या अशा दोन मेजांवर बसता येणार नाही म्हणतो. आणि लगेच पुन्हा मऊ होऊन सांगतो की कुणी घरी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा, चौकशा करत बसू नका. त्याच पत्रात, थोडं आधी, लग्नाबद्दलही होतं. नवरा विश्वासात आला आणि बायको आली नाही, पण ती त्याच्याबरोबर नांदायला राजी असेल, तर त्यानं तिला सोडू नये. इतकं स्पष्ट, की त्याचा दुसरा अर्थ कुणाला काढता येणार नाही.

मी हे सगळं लिहून काढलं आणि सरांना दाखवायला नेलं. त्यांनी सावकाश वाचलं. लग्नाच्या परिच्छेदाशी आले तेव्हा जरा जास्त वेळ थांबले. मग कागद नीट जुळवून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "पानं जास्त झालीत."

एवढंच म्हणाले. मी खोलीवर आले आणि पानं कमी केली. कुठली कमी करायची हे मला सांगावं लागलं नाही.

पाठ चांगला झाला. त्यात मी "उदाहरणार्थ, आपले नाना" असंही म्हटलं. नाना तिसऱ्या बाकावर मान खाली घालून वहीत उतरवून घेत होते.

दसऱ्यानंतर सर म्हणाले की नानांच्या घरी जाऊन बोलायला हवं, आणि बाईमाणसाशी बोलायला बाईमाणूस हवं. पारोळ्याला गाडी बदलून आम्ही तिघं गेलो. घर दोन खोल्यांचं. वेचणी चालू होती, पुढच्या खोलीत कापसाचा ढीग छताला टेकलेला. त्याच्या कडेला सतरंजी टाकून आम्हाला बसवलं. भिंतीतल्या कोनाड्यात देव होते.

अक्का उंच, हाडापेरानं मोठ्या. आल्या आल्या म्हणाल्या, "बसा. जेवी ल्या पहिले."

सर म्हणाले, "आम्ही या घरात जेवणार नाही."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्हीन त दर सोमवारे मना हातनी भाकर खातस."

मी म्हटलं, "नको अक्का." मला भूक लागली होती.

सरांनी दोन गोष्टी पुढे ठेवल्या. एक, पुढच्या श्रावणात नानांच्या नावाची मूठ काढायची नाही, आणि कानबाई या घरात बसवायची नाही. दोन, हे मान्य नसेल तर नानांनी गावी येणं बंद करून कायमचं वसतिगृहातच राहायचं, तरच बाप्तिस्मा. नाना कापसाला पाठ लावून बसले होते.

"मूठ काढू नको?" अक्का म्हणाल्या. "जित्ता मानूसनी मूठ काढी नही त तो मरी गया अशे व्हस. मी कसी नही काढू?"

सरांनी मला मान हलवून खूण केली.

अक्का माझ्याकडे वळल्या. त्या शांत होत्या. "ताई, तुम्हीन शिकेल शेतस. माले एकच सांगा. तुमना पुस्तकमा लिखेल शे का, का बायकोले सोडी दे?"

नाना माझ्याकडे बघत होते, तेही उत्तराची वाट बघत होते. मी म्हटलं, "अक्का, लिहिलंय की एका जुवाला दोन वेगळी जनावरं जुंपू नयेत."

हे खोटं नव्हतं. तशा अर्थाचं एका दुसऱ्या पत्रात आहे, दुसऱ्याच संदर्भात. त्यांनी जे विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं, आणि उत्तर मला पाठ होतं.

अक्कांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "चाळीस वरीस एकच जूमा व्हतूत. तवय कोनी सांगं नही." त्या उठल्या आणि आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

परतीच्या गाडीत नाना मागच्या सीटवर बसले. सर माझ्या शेजारी. पारोळा मागे पडल्यावर ते म्हणाले, "छान बोललीस. थोडक्यात." धुळं येईपर्यंत मी खुशीत होते.

दिवाळीनंतर नाना एक पत्र्याची पेटी घेऊन वसतिगृहात कायमचे राहायला आले. डिसेंबरात मंडळीतल्या एका शेतकऱ्याच्या शेततळ्यात त्यांचा बाप्तिस्मा झाला. थंडी कडाक्याची. तळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकवरून त्यांचा पाय सटकला आणि सरांनी धरायच्या आतच ते पाण्याखाली गेले. काठावरच्या पोरी फिदीफिदी हसल्या. वर आले तेव्हा दात वाजत होते, पण चेहऱ्यावर हसू होतं. त्यांना वाटत होतं की त्यांनी फार मोठी किंमत दिली आहे आणि ती योग्य ठिकाणी दिली आहे.

सोमवारची भाकरी बंद झाली.

पुढच्या श्रावणात कानबाईच्या रविवारी नाना दिवसभर जेवले नाहीत. दुपारी खाटेवर पाय लांब करून पडून होते. गावाकडचा एक माणूस येऊन सांगून गेला होता की कानबाई बसली, पण अक्कांनी भाऊबंदांसमोर फक्त मुलाच्या नावाची मूठ काढली. दारातून जाताना एकानं विचारलं, "काय पोस्टमन, आज टपाल नाही का?" पडवीत सगळे हसले. नानासुद्धा हसले.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा मार्चमध्ये. फेब्रुवारीत नाना म्हणाले, "ताई, आते माझं मी वाचस." आमच्या भाषेतले शब्द त्यांच्या बोलण्यात मिसळायला लागले होते. ते कडुनिंबाखाली एकटे बसून बोट फिरवत पत्रं पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचत. पाठ केलेल्या टिपणांवर त्यांचा भरवसा नव्हता.

एक दिवस दुपारी मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर मेथी निवडत बसले होते. नाना आले. पुस्तक उघडंच होतं, बोट ओळीवर ठेवून आणलेलं, जागा चुकू नये म्हणून. त्यांनी ते माझ्यापुढे धरलं.

"ताई, आठे हाई लिखेल शे."

मी वाचल्यासारखं केलं.

"ती राजी व्हती ताई. ती त नांदाले राजी व्हती. तुमले हाई म्हाईत व्हतं का?"

आवाजात राग नव्हता. ते खरंच विचारत होते.

"नाही नाना," मी म्हटलं. "मला माहीत नव्हतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मान हलवली. "तुमना ध्यानमा नही उनं व्हई. इतलं मोठं पुस्तक." एवढं बोलून त्यांनी मला मोकळं केलं आणि गेले. मी मेथी निवडत राहिले. काड्या आणि पानं एकाच पातेल्यात टाकत होते, ते नंतर लक्षात आलं.

त्याच दिवशीच्या गाडीनं ते गावी गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. काय झालं ते त्यांनीच सांगितलं, मी न विचारता. अक्कांनी त्यांना ओट्यावर बसवलं. ताट बाहेर आणून दिलं, पाहुण्याला देतात तसं. नानांनी पुस्तकातली ती ओळ वाचून दाखवली, दोनदा. अक्कांनी ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "श्रावणमा बठ्ठा भाऊबंदसमोर मी तुमनी मूठ काढी नही. मना करता तुम्हीन तवयच मरनात. आते पुस्तक दखाडीसन जित्ता कसा व्हतीन?"

मुलानं सुरतेहून फोन केला होता, आईला त्रास देऊ नका म्हणून.

मी सरांकडे गेले. आयुष्यात एकदाच धीर केला. म्हटलं, "सर, मी अक्कांना चुकीचं सांगितलं. मला तो परिच्छेद माहीत होता."

सर पेन्सिलीला टोक करत होते. "मलाही माहीत होतं की तुला माहीत आहे," ते म्हणाले. "तुझ्या कागदांत मी वाचला होता ना. जिला माहीत नाही अशी पोरगी मी नेली असती, तर ती तिथे गडबडली असती. काय टाळायचं ते तुला ठाऊक होतं."

"पण सर, पत्रात तर..."

"मी बावीसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेऊन घरी गेलो, तर माझ्या आईनं मला दार उघडलं नाही. ती मेली तेव्हाही मला कळवलं नाही. मला कुणी परिच्छेद दाखवला नव्हता." पेन्सिलीचं टोक तपासून त्यांनी ती बाजूला ठेवली. "तुझा पेपर चांगला जायला हवा. जूनपासून मला साहाय्यक लागणार आहे."

माझा पेपर चांगला गेला. मी पहिली येणार हे सरांनी धरलेलंच होतं, आणि निकाल लागायच्या आतच त्यांनी बाकीच्यांचे पेपर तपासायला माझ्याकडे दिले. पुढे हे काम करायचंच आहे, हात बसेल, म्हणाले.

वीस गुणांचा शेवटचा प्रश्न होता : विश्वास नसलेल्या माणसांशी संगतीबद्दल पत्रांची शिकवण सांगा. बाकी सगळ्यांनी माझ्याच पाठातलं उतरवलं होतं, काहींनी तर "उदाहरणार्थ, आपले नाना" यासकट. नानांनी दोन पानं लिहिली होती, आपल्या बोलीत, मोठ्या अक्षरात, ओळी खाली घसरत गेलेल्या. त्यांनी मूर्तीच्या अन्नाबद्दल पत्रात आलेल्या सगळ्या बाजू एकामागून एक लिहिल्या होत्या. मग लिहिलं होतं की पत्र लिहिणारा माणूस एकटा राहणारा दिसतो, तरी त्याला बायको असलेल्या माणसाची अडचण समजलेली आहे. आणि घरून आलेलं पत्र जसं आपण पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचतो, मधलीच एक ओळ काढून भांडत नाही, तसंच हे वाचायला पाहिजे. दोन वर्षांत त्या वर्गात लिहिलं गेलेलं सगळ्यांत चांगलं उत्तर ते होतं. माझ्या उत्तरापेक्षाही.

मी त्याला दोन गुण दिले. समासात लिहिलं, "भाषा अशुद्ध. वर्गात शिकवलेले मुद्दे नाहीत." जास्त गुण दिले असते तर सरांनी का म्हणून विचारलं असतं, आणि का ते मला सांगावं लागलं असतं. सरांनी पेपर चाळले, त्या पानावर आले, काहीच न बदलता सही केली. त्या अठरा गुणांनी नाना नापास झाले.

निकालाचा कागद हॉलच्या दाराला चिकटवला होता. नानांनी वरून खाली बोट फिरवत आणलं. माझ्या नावाशी थांबून म्हणाले, "वा ताई." मग बोट खाली गेलं. शेवटपर्यंत जाऊन ते पुन्हा वर आलं, मग पुन्हा खाली. दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन ते गेले. प्रमाणपत्राशिवाय मंडळीत शिकवायची परवानगी नसते. गावचं घर आता त्यांचं राहिलं नव्हतं. जळगावला मोटारी दुरुस्त करायच्या एका दुकानात ओळखीनं काम मिळालं, तिथेच मागे एक खोली, असं कळलं.

मी जूनमध्ये साहाय्यक झाले. वर्गात शिरल्यावर सगळे उठून उभे राहू लागले.

दोन वर्षांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, मी एकटी भडगावची गाडी धरून अक्कांकडे गेले. कशासाठी गेले ते आज नीट सांगता येत नाही. नानांशी बोलायचा धीर नव्हता, हे एक. अक्का अंगणात शेवया वाळत घालत होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. बस म्हणाल्या नाहीत, जेव म्हणाल्या नाहीत.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर मला माहीत होतं, पुस्तकात सोडा असं लिहिलेलं नव्हतं, उलटंच होतं, मी लपवलं. बोलता बोलता मला रडू फुटलं. अक्का शेवया पसरत राहिल्या. एक शेवईही त्यांनी वाकडी पडू दिली नाही.

"झायं का तुमनं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"तुम्हीन खोटं बोलनात ते माले तवयच समजनं व्हतं," त्या म्हणाल्या. "खोटं बोलनारं मानूस डोयाकडे दखत नही. पन तुम्हीन मना कोन? तुमना खोटानं माले काय व्हनार व्हतं?" त्यांनी हात झटकले. "त्यानी एकदाबी माले इचारं नही, का तुले काय वाटस. कापूसले टेकीसन बसना. तुम्हीन सांगं ते त्यानी मानं. पुस्तकमा दुसरं लिखेल दखं, तवय परत उना. उद्या तिसरं दखी. मी पुस्तकमाईन उनेल बाई शे का?"

मग त्यांनी रिकामं सूप उचललं. "रडानं व्हई त रस्तावर रडा. लोके दखतस."

मी निघाले. फाट्यावर गाडीला तासभर वेळ होता. ऊन मी म्हणत होतं आणि बसायला सावली नव्हती. रडू आपोआप थांबलं होतं. तहान लागली होती.

सर आता निवृत्त झालेत आणि पत्रं मी शिकवते. तो परिच्छेद आला की पूर्ण वाचते, पुढचा-मागचाही वाचते, आणि परीक्षेत बोलीभाषेतल्या उत्तराला गुण कापत नाही. मुलांना वाटतं बाई फार उदार आहेत. नानांना खरं काय ते मी अजून सांगितलेलं नाही. ते दुकान माझ्या आईच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. जळगावला गेले की आई सांगते, ते गृहस्थ मंडळीत येत नाहीत, पण रस्त्यात भेटले की तुझी आठवणीनं चौकशी करतात, ताई कश्या शेत म्हणून. मी आईला सांगून ठेवलंय की मी आलेय हे त्यांना सांगू नकोस.